शिंप्याची बटणं

मी एका मेलेल्या माणसाला पठार ओलांडायला लावलं, पूल पार करायला लावला आणि देवाच्या दारापर्यंत चालवत नेलं. तेही त्याला एका पावलापुरतंसुद्धा न उचलता. तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे. माझ्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवायला लागले तर या वयात मला दुसरा छंद शोधावा लागेल.

ही गोष्ट मी आयुष्यात एकदाच सांगितली. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकून बसली होती. आत कुणी नव्हतं. मिस्त्री तळमजल्याच्या खड्ड्यात उतरला होता आणि फरशीच्या पातळीला त्याचं डोकं तेवढं दिसत होतं, कुणीतरी सामान उतरवताना विसरून गेल्यासारखं. चौथ्या मजल्यावरच्या काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून विणत होत्या, कारण त्यांच्या गुडघ्यांना पुढच्या पायऱ्या मंजूर नव्हत्या. माझी नात चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून नुकतीच आली होती. ती जिना चढून गेली असती. पण मला चार मजल्यांचा दम नाही आणि ती मला खाली सोडून वर जात नाही. तिचे बाबा, म्हणजे माझा मुलगा, ती शाळेत जायच्या आधीच गेला. तिची आई आणि आजी होत्या तोवर घर भरलेलं होतं. आता आम्ही दोघंच एकमेकांवर पहारा देतो.

"आजोबा," खड्ड्यातून डोकं बोललं, "तुम्ही म्हणे लिफ्टवर होतात?"

"लिफ्टवर नाही रे बाबा, लिफ्टमध्ये. जन्मभर. पितळी मूठ होती माझ्या लिफ्टला. एकदा घाईत इतकी ओढली, की सातव्या मजल्यावरच्या साहेबांना नवव्यावर सोडून आलो. इमारत आठ मजल्यांची होती."

"मग साहेबांनी तक्रार नाही केली?"

"करायला परत कुठे आले?"

काकूंच्या सुया हसण्याने हलल्या. "थापा मारण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही हो."

"धरला होता एकाने," मी म्हणालो. "माझ्याच घरात होता."

नातीने माझ्याकडे पाहिलं आणि भाजीची पिशवी भिंतीला टेकवून ठेवली.

"पण जन्मभर नुसतं वर-खाली!" काकू म्हणाल्या. "सरळ कधी चाललात की नाही?"

"चाललो. एकदा. आणि असा चाललो की त्यानंतर चालायची हौसच फिटली."

"कधी?" नात म्हणाली. "मला नाही सांगितलंत कधी."

"तू लहान होतीस."

"मी लहान होते तेव्हा तुम्ही बरेच दिवस घरी नव्हतात. आजी म्हणायची, बाहेरगावी कामाला गेलेत."

"लिफ्टवाल्याला बाहेरगावी कोण बोलावतं ग? तिथल्या लिफ्टला काय परदेशी मजले असतात?"

मिस्त्री हसला, काकू हसल्या, आणि मला ऐकणारी माणसं मिळाली. खड्ड्यातला माणूस उठून जाऊ शकत नव्हता, पायरीवरची बाई चढून जाऊ शकत नव्हती. असे श्रोते भाग्याने लाभतात. मी वॉचमनच्या स्टुलावर बसलो.

ती वाट एकट्याने चालायची असते, मी सांगायला लागलो. कुठून कुठे जाते ते विचारू नका, वाटेलाही ते नक्की ठाऊक नाही. इतकी सरळ आहे म्हणता, की सकाळी निघालेल्या माणसाला समोर स्वतःचीच पाठ दिसते. शेवटी देवाचं दार आहे. घरचं माणूस बरोबर न्यायचं नाही. नाव सांगायचं नाही. धंदा सांगायचा, तेवढा पुरतो. मी लिफ्टवाला. आणखी एक होता तो शिंपी. आणि एक होती ती नर्सबाई.

आता माणूस एकटा निघाला म्हणून काही एकटा राहत नाही. मुक्कामाच्या घरी एकाच चुलीवर मोजे वाळत घातले की बोलणं होतंच. म्हणून त्या वाटेवर एक रिवाज आहे. ज्यांची गट्टी जमली त्यांनी बरोबर चालायचं नाही. ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. पण जो पुढे असेल त्याने प्रत्येक फाट्यावर, जी वाट बरोबर असेल तिच्या बाजूच्या दगडावर, आपली एक खूण ठेवायची. सुताराने खिळा ठेवावा, शिंप्याने बटण. मधल्याने खूण पाहायची, बोट लावायचं आणि तशीच राहू द्यायची. सगळ्यात शेवटी जो असेल त्याने ती उचलायची. त्याला वेचणारा म्हणतात.

"उचलायची कशाला?" मिस्त्रीने विचारलं. "राहू दे की, पुढच्यांना उपयोगी पडेल."

"तिथे दरडी कोसळतात. आजची वाट महिन्याने कड्यावर जाऊन संपते. जुनी खूण राहिली तर परका माणूस तिच्या भरवशावर खाली जातो. गेलेत असे. म्हणून वेचणाऱ्याने खूण मागे ठेवायची नाही, मेला तरी नाही. आणि वेचलेल्या खुणा त्याच्या एकट्याच्या. त्या कुणाला द्यायच्या नाहीत, कुणी मागायच्या नाहीत. घरी न्यायच्या."

"त्याने काय करायचं त्यांचं? खेळायचं?"

"आपल्या पुढे कुणीतरी होतं, याचा पुरावा म्हणून ठेवायच्या."

काकू म्हणाल्या, "अग बाई," आणि एक टाका चुकला तो उसवायला लागल्या.

पहिल्याच मुक्कामी आमची गाठ पडली. लांबट खोली, लोखंडी खाटांच्या दोन रांगा, मधे चूल, चुलीवर आडव्या तारेला ओले मोजे. वास असा की उंदीर बाहेर झोपायचे. माझ्या टाचेला एवढा मोठा फोड आला होता, की मुक्कामवाल्याने त्याच्यासाठी वेगळी खाट मांडली. शिंपी माझ्या शेजारी होता. दोऱ्यासारखा बारीक माणूस, मफलरऐवजी गळ्यात मापाची टेप. मी बसल्या बसल्या त्याने माझे खांदे मापले.

"उजवा खांदा उतरलाय तुझा. काय ओढत होतास?"

"मूठ."

"सोड आता. कोट नीट बसायचा नाही तुला." मग त्याची नजर माझ्या टाचेकडे गेली. त्याने कॉलरला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि म्हणाला, "पाय इकडे कर. एक टाका घालतो, पाणी दोऱ्यावाटे निघून जाईल."

तोवर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली एक बाई ताडकन उठली. अंगात दवाखान्याचा लांब पांढरा कोट, पुढे पितळी बटणांची रांग. तोच तिचा पावसाळी कोट, तेच तिचं पांघरूण.

"ए शिंपीबुवा! सुई उकळलीस का?"

"उकळली की वाकते, बाई."

"वाकू दे. याचा पाय काळा पडला तर तो शिवणार आहेस का नवा?"

"कापड मिळालं तर शिवेन."

तिने त्याच्या हातातून सुई हिसकावली, चहाच्या उकळत्या पातेल्यात टाकली, आणि त्या पातेल्यातला चहा आम्ही तिघांनी तसाच प्यायलो. गट्टी जमायला एवढं पुष्कळ झालं.

उकडलेले बटाटे सोलता सोलता शिंप्याने विचारलं, कोण कशाला निघालंय. स्वतःचं त्याने आधी सांगून टाकलं. एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा कोट तंग झाला होता आणि गिऱ्हाईक पैलवान होतं, म्हणून तो पळाला होता. खरं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी म्हणालो, जन्मभर वर-खाली केलं, आता जरा आडवं बघावं म्हटलं. मग दोघांनी बाईकडे पाहिलं.

तिचा मुलगा गेला होता.

ती कामावर असताना त्याचा निरोप आला होता, छातीत दुखतंय, ये. मुलगा पहिल्यापासून थापाड्या. कधी सांगायचा साप चावला, कधी सांगायचा पोलिसांनी पकडलं, आणि धावत घरी जावं तर दारामागे लपून खिदळत असायचा. लग्न झालं, पोर झालं, तरी खोड गेली नाही. तिला वाटलं, ही आणखी एक. ती म्हणाली, ड्यूटी संपली की येते. ड्यूटी संपल्यावर ती गेली. वाटेत त्याच्यासाठी सांगायला एक उलटी थापही तयार केली होती तिने. घरी दार उघडंच होतं. त्याच्यामागे कुणी लपलेलं नव्हतं.

इथे नातीने पिशवीचे बंद उगाच सोडले आणि पुन्हा बांधले. मिस्त्रीचा पाना थांबला होता.

"मग ती देवाला काय मागायला निघाली होती?" काकूंनी हळूच विचारलं.

"काही नाही. ती म्हणाली, या वाटेवर पूल फार आहेत असं ऐकलं, म्हणून आले."

 तेव्हा त्या खोलीत कुणीतरी घोरत होतं आणि चुलीत ओलं लाकूड सुसू करत होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असं बोलू नये, जीव अमोल असतो. शिंपी तसलं काही बोलला नाही. त्याने गळ्यातली टेप काढली, तिच्या मागे जाऊन तिची पाठ मापली, मानेपासून कमरेपर्यंत, आणि म्हणाला, "अजून थोडं कापड शिल्लक आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"उद्या मी पुढे असेन," तो म्हणाला. "तुझी चाल सगळ्यात हळू, तेव्हा तू वेचणारी. पहिल्या फाट्यावर माझं बटण असेल. तेवढं उचल. पुढचं पुढे बघू."

ती बराच वेळ बटाट्याचं साल बोटांनी चुरत बसली. मग म्हणाली, "पुढे कुणी आहे तोवर चालेन. ज्या फाट्यावर बटण नसेल तिथे मी मोकळी. मग मला कुणी हाक मारायची नाही."

"मंजूर," शिंपी म्हणाला.

असा तो करार. माझ्या साक्षीने झाला आणि माझ्याच गळ्यात पडला.

सुरुवातीला आम्ही रोज मुक्कामी भेटत होतो. शिंपी आधी पोचून पाणी तापवून ठेवायचा. मी पोचलो की म्हणायचा, "आली लिफ्ट." शेवटी ती यायची, मुठीतली बटणं त्याच्यापुढे धरायची, आणि तो सावकारासारखा मान डोलवायचा. बटणं तरी किती तऱ्हेची! कोटाची, उशीच्या अभ्र्याची, लहान मुलांच्या झबल्याची. एकावर बदक होतं. ते बदक सापडलं त्या दिवशी ती जेवताना ते पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवून बसली होती.

मग पठार लागलं आणि अंतरं वाढली. शिंपी एक मुक्काम पुढे गेला, मी मधे, ती एक मुक्काम मागे. आता माणूस दिसायचं बंद झालं. दिसायची ती फक्त बटणं. आणि वर धुकं. धुकं इतकं दाट, की शिंप्याने म्हणे पहिल्या दिवशी ते कात्रीने कापून दाराएवढं भोक पाडलं आणि त्यातून पुढे गेला. मागाहून गेलो तेव्हा कापलेल्या कडा दिसत होत्या मला.

"दिसल्या असतील," मिस्त्री म्हणाला. "नववा मजला दिसतो तुम्हाला, धुक्याच्या कडा का दिसू नयेत?"

"त्याच धुक्यात तो मला सापडला."

मी आवाज चढवला नव्हता, तरी मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

फाट्यावरच्या दगडाला पाठ टेकून बसला होता. मांडीवर बटणांचा पत्र्याचा डबा उघडा. एक तांबडं मोठं बटण दोन बोटांत. खूण ठेवायला बसला आणि उठायचं राहून गेलं. भुवयांवर धुक्याचे थेंब साचले होते आणि कॉलरच्या सुईत दोरा ओवलेला होता. मी गळ्याशी दोन बोटं धरली, मग मनगट धरलं, मग पापणी उलटून पाहिली. सगळं गार. बोटांतलं बटण काढायला गेलो तर सोडेना. चांगला दोस्त होता, पण त्या वेळी फार हट्टीपणा केला त्याने.

"बिचारा," काकू म्हणाल्या. "काय झालं होतं हो?"

"हृदय थांबलं असेल. किंवा पैलवानाने गाठलं असेल. मला एवढंच कळत होतं, की ती मागून येते आहे. उद्या या फाट्यावर पोचेल. आणि बटण नसेल तर ती मोकळी."

मग मी जे केलं ते सांगतो. तांबडं बटण दगडावर ठेवलं. डबा बंद करून त्याच्या कात्रीसह माझ्या खिशात टाकला. पुढच्या मुक्कामी धावत गेलो आणि मुक्कामवाल्याला सांगितलं. त्याने माणसं पाठवून शिंप्याला पलीकडच्या उताराने खाली नेलं, म्हणजे तिच्या वाटेत तो येणार नाही. मी बरोबर गेलो नाही. त्याला कुठे पुरला की जाळला, मी पाहिलं नाही. माझ्या खिशात त्याचा डबा होता आणि पुढे फाटेच फाटे होते.

प्रत्येक फाट्यावर बटण. प्रत्येक मुक्कामी मुक्कामवाल्याला शपथ: मागून पांढऱ्या कोटातली बाई येईल, शिंप्याची चौकशी करील, तिला सांगायचं, आत्ताच गेला. सगळी वाट माझ्यासाठी खोटं बोलायला लागली. अशी थाप मी आजवर मारलेली नाही, पुढे मारणार नाही. बोलणारे वेगळे, ठिकाणं वेगळी, आणि थाप एकच, सलग, पठाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बहुतेकांनी नीट निभावलं. एक मात्र चेकाळला. शिंपी कसा आहे, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "अहो, काय ते खाणं त्यांचं! आमचे सगळे बटाटे संपवले. जाताना सुनेचा झगा आखूड करून दिला. नको म्हणत होती तरी केला!" आणि आतून सुनेला हाक मारून आखूड झगा दाखवला. झगा तिचा आधीपासूनच आखूड होता. त्या दिवशी ती हसली. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. हसली आणि हसताना तोंडावर हात ठेवला, चोरी सापडल्यासारखा.

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही तर पुढे होतात. ती हसली ते तुम्हाला कसं कळलं?"

"तिनेच सांगितलं. मग. शेवटी भेटलो तेव्हा."

"मधे तोडू नको ग त्यांना," काकू म्हणाल्या. "पुलाचं सांगा. पूल आला असेल ना?"

पूल आला. दोन कड्यांच्या मधे लोखंडी पूल, आणि खाली नदी इतकी खोल, की दगड टाकला तर आवाज यायच्या आत माणूस कंटाळून निघून जातो. पुलाच्या पलीकडे वाट दुभंगते. मी पलीकडच्या खांबावर एक पिवळं बटण ठेवलं, अंगठ्याएवढं, लांबून दिसावं म्हणून, आणि पुढे गेलो.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर आली आणि मधोमध थांबली. कठडा कमरेच्याही खाली. त्या लोखंडाला हात लावला की तळहात चिकटतो, इतकं गार असतं. वारा पाठीमागून असतो. ढकलत नाही, नुसता टेकून उभा राहतो. आणि खाली पाहिलं की भीती वाटेल असं वाटतं, पण नाही वाटत. उलट फार दमलेल्या माणसाला गादी दिसावी तसं दिसतं. डोक्यात दुसरं काही येत नाही. फक्त तेवढंच वाक्य, पुन्हा पुन्हा, स्वतःच्या आवाजात. ड्यूटी संपली की.

मी थांबलो.  नातीने पाण्याची बाटली पुढे केली आणि मी प्यायलो तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती.

"मग?" खड्ड्यातून आवाज आला.

मग तिला ते पिवळं बटण दिसलं. पलीकडच्या खांबावर. आता करार काय होता? पुढे कुणी आहे तोवर चालायचं. पण त्या वेळी तो करार काही तिच्या कामी आला नाही, खरं सांगतो. पुढे कुणी असो नसो, तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिच्या मनात आलं ते दुसरंच. वेचणाऱ्याने खूण मागे ठेवायची नाही. आपण इथून गेलो तर ते बटण तिथेच राहणार. महिन्याने दरड कोसळणार, वाट बदलणार, आणि कुणीतरी परका माणूस त्या पिवळ्या बटणाच्या भरवशावर कड्यावरून खाली जाणार. कुणाचा तरी मुलगा. आधी ते उचलू, मग परत येऊ, असं ठरवून ती पूल ओलांडून गेली. बटण उचललं. मागे वळून पाहिलं तर पूल धुक्यात गेला होता. मग पुढच्या फाट्यावरचं उचलायला गेली.

"परत नाही आली ना?" काकूंनी विचारलं.

"रोज सकाळी ठरवायची. रोज एखादं बटण पुढे असायचं."

काकूंनी विणकाम मांडीवर ठेवून डोळे पुसले. मिस्त्री म्हणाला, "हं," आणि पाना उगाचच एका बोल्टवर फिरवला.

डब्यातली बटणं संपली तेव्हा देवाचं दार दोन मुक्कामांवर आलं होतं. मी माझ्या शर्टाची बटणं काढायला लागलो. शिंप्याचीच कात्री. वरून खाली, एकेका फाट्यावर एकेक. शेवटचं पोटावरचं काढलं तेव्हा शर्टावर सुतळी बांधून चाललो. डोंगरातली थंडी छातीवर अशी बसली की आजपर्यंत उठली नाही. चार मजले चढवत नाहीत ते त्याचमुळे.

देवाचं दार अगदी ठेंगणं आहे. वाकून जावं लागतं. समोर पायऱ्या आहेत, तिथे मी हात छातीशी धरून बसलो. लोक आत जात होते, बाहेर येत होते. दिवस कलता कलता ती आली. मुठीत बटणं. आधी तिने सगळ्या पायऱ्यांवर नजर फिरवली, शिंपी कुठे दिसतो का म्हणून. मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिच्या ओठांवर प्रश्न होता. तो विचारायच्या आत तिचं लक्ष माझ्या शर्टाकडे गेलं. सुतळी. आणि जिथे बटणं होती तिथे दोऱ्याची लोंबती टोकं.

तिने मुठीतली शेवटची बटणं पाहिली. पुन्हा ती टोकं पाहिली. काही विचारलं नाही. म्हणाली, "थंडी वाजत असेल."

एवढंच. मग ती माझ्याशेजारी पायरीवर बसली. दार बंद होईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. आत कुणीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने बटणं रुमालात बांधली, कारण रिवाज म्हणजे रिवाज, आणि ती घेऊन आपल्या घरी गेली. तिकडे तिचं लहानगं नातवंड होतं म्हणे. त्याला वाढवायला माणूस हवं होतं. पुन्हा आमची भेट नाही. झाली गोष्ट.

 मग मिस्त्री खड्ड्यातून वर आला, फरशीवर बसला आणि फडक्याने हात पुसत म्हणाला, "आजोबा, एक नंबर. पण थाप आहे."

"थाप?"

"अहो, सगळी वाट एका बाईसाठी खोटं बोलते, कुणी सांगून ठेवतं, कुणी झगे दाखवतं. असं कुठे असतं का?"

आता बघा. नवव्या मजल्यावरचा साहेब या माणसाने पाण्यासारखा गिळला होता आणि हे त्याच्या घशात अडकलं. माझं टाळकं सरकलं. खोट्यावर विश्वास बसला नाही तर मला काही वाटत नाही, पण हे माझ्या जिवाला लागलं.

"पुरावा दाखवा की मग," मिस्त्री म्हणाला आणि काकूंकडे बघून डोळा मारला.

"दाखवतो!" मी कोटाच्या आतल्या खिशातून चपटी पत्र्याची डबी काढली. घरात सगळ्यांना वाटतं त्यात माझ्या दम्याच्या गोळ्या असतात. झाकण उघडलं आणि काकूंच्या मांडीवरच्या विणकामावर ती उलटी केली. "हे घ्या. हे तांबडं, त्याच्या बोटांतलं. हे पिवळं, पुलावरचं. बघ, बघ अंगठ्याएवढं आहे की नाही!"

"अग बाई, बदक!" काकूंनी ते दोन बोटांत धरून वर केलं. "खरंच की हो! मिस्त्री, बघा, बदक आहे!"

मिस्त्री गुडघ्यांवर पुढे सरकला. त्याने पिवळं बटण तळहातावर घेतलं आणि टोपी काढली. मी विजयाने नातीकडे पाहिलं.

ती बटणांकडे बघत नव्हती, एकाच बटणाकडे बघत होती. पितळी, लहानसं. तिने ते उचलून दाराच्या उजेडाकडे धरलं, दुकानात भिंग धरते तसं.

"हे कुठलं, आजोबा?"

"ते होय? शेवटचं. माझ्या शर्टाचं."

"यावर अधिकाची खूण आहे. दवाखान्यावर असते तशी."

"असते ग एखाद्या शर्टाला."

"अशी सहा आहेत."

"शर्ट लांब होता."

काकू हसल्या. नात हसली नाही. तिने काकूंच्या मांडीवरून एकेक बटण उचलून डबीत परत ठेवलं, बदक सगळ्यांत शेवटी, आणि डबी माझ्या हातात दिली. माझी बोटं तिने डबीवर मिटवली आणि सोडली नाहीत.

"खूण कोण उचलतं, आजोबा?"

"शेवटी असतो तो."

"आणि कुणाला देतो?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग डबीकडे.

"कुणाला नाही," मी म्हणालो.

"मग खोटं सांगितलंत. पुढे ती होती," माझी नात म्हणाली. "मागे तुम्ही होतात. आणि 'ड्यूटी संपली की येतो' हे तुम्ही माझ्या बाबांना म्हणालात."